टेनपिन बोलिंग: जोर तेवढाच लावतो, मग बॉलचा वेग दर वेळी वेगळा का येतो?

प्रश्न विचारणारे आपल्या कोल्हापूरचेच आहेत. बारावीपर्यंत तालमीत होते, आता गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नोकरी करतात. वर्षभरापासून मित्रांबरोबर मॉलमधल्या गेम झोनमध्ये टेनपिन बोलिंग (जड बॉल लांब पट्टीवरून, म्हणजे लेनवरून, सोडून टोकाच्या दहा पिना पाडायचा खेळ) खेळतात आणि लवकरच कंपनीच्या टीममधून पुण्याला स्पर्धेला जायचं आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: स्क्रीनवर बॉलचा वेग कधी २३ दिसतो, कधी ३१. जोर तर प्रत्येक वेळी तेवढाच लावतो. जोरात टाकला तरी पिना जास्त पडत नाहीत, आणि मुद्दाम हळू टाकायला गेलं की बॉल गटरमध्ये, म्हणजे लेनच्या कडेच्या चरात, जातो. वेग ताब्यात कसा आणायचा?

पैलवान, तुम्ही जोर लावताय म्हणूनच वेग बदलतोय. मी हा खेळ पुण्यात नोकरीला असताना शिकलो आणि गेली काही वर्षं इथल्या पोरांना शिकवतोय. आपल्याकडच्या पोरांचा दंड भरलेला असतो, आणि तो दंडच या खेळात पहिल्यांदा आडवा येतो. वेग येतो तो बॉल किती उंचावरून खाली येतो त्यातून आणि पाय कसे चालतात त्यातून. हाताचं काम बॉलला वाट करून देण्याचं आहे. हे एकदा अंगात मुरलं की बाकीचं सोपं आहे, पण मुरायला वेळ लागतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या स्क्रीनवरच्या आकड्याबद्दल. तुमचा २३ आणि ३१ हा ताशी किलोमीटरमध्ये आहे, हे आकड्यांवरूनच कळतं. काही ठिकाणी मैलात दाखवतात, तिथे १६ ते १८ दिसलं तर घाबरू नका, ते २६ ते २९ किलोमीटरच होतात. दुसरं म्हणजे वेग मोजणारा सेन्सर सगळीकडे एकाच जागी नसतो. हातातून सुटल्यापासून पिनांपर्यंत पोचेपर्यंत बॉलचा वेग साधारण ताशी ५ किलोमीटरने उतरतो, त्यामुळे सेन्सर पिनांजवळ असेल तर आकडा कमी येणार. म्हणून एका लेनवरचा आकडा शेजारच्या लेनशी ताडून बघू नका, आणि पुण्याचा आकडा कोल्हापूरशी तर अजिबात नको. पक्कं मोजायचं असेल तर मित्राला मागे उभा करून मोबाईलवर व्हिडिओ काढा. फाउल लाइनपासून, म्हणजे जिच्या अलीकडूनच बॉल सोडायचा त्या रेषेपासून, पहिल्या पिनपर्यंतचं अंतर ६० फूट, म्हणजे १८.२९ मीटर असतं. बॉल फाउल लाइन ओलांडल्यापासून पिनला लागेपर्यंत किती सेकंद गेले ते बघा आणि ६६ ला त्या आकड्याने भागा. अडीच सेकंद लागले तर साधारण २६, सव्वादोन लागले तर २९, तीन लागले तर २२. हा सरासरी वेग झाला, आणि सरावासाठी तो पुरेसा आहे.

किती वेग योग्य, हे विचारलेलं नाही तरी सांगतो. मोठ्या माणसासाठी २५ ते २९ च्या मधे कुठेही बस्तान बसवलं तरी चालतं. तुमचा नेमका आकडा कोणता याला मी फारसं महत्त्व देत नाही. दहा बॉल टाकले तर दहाही त्या आकड्याच्या एक किलोमीटर अलीकडे-पलीकडे पडले पाहिजेत. तुमचा फरक ८ किलोमीटरचा आहे. एवढ्या फरकात कुठे उभं राहायचं, लेनवर काढलेल्या कुठल्या बाणावरून बॉल काढायचा, हे शिकण्यात अर्थच नाही, कारण प्रत्येक बॉल वेगळ्याच माणसाने टाकल्यासारखा जातो.

आता "जोरात टाकला तरी पिना पडत नाहीत" याचं उत्तर. बॉल साडेआठ इंच रुंद असतो. पिना एकमेकींपासून १२ इंचांवर उभ्या असतात आणि एकेक पिन दीड किलोच्या वर भरते. उजव्या हाताच्या खेळाडूचा अगदी मनासारखा स्ट्राइक पडतो, म्हणजे पहिल्याच बॉलला दहाही पिना पडतात, तेव्हा बॉल स्वतः फक्त चार पिनांना लागतो: १, ३, ५ आणि ९ (सगळ्यात पुढची पिन १, मग मागच्या रांगांत डावीकडून उजवीकडे १० पर्यंत नंबर). बाकीच्या सहा पिना पिनाच पाडतात. म्हणजे आपल्याला पिना आडव्या होऊन, एकमेकींवर लोळत जाणाऱ्या हव्यात. बॉल फार वेगात गेला की पिना उसळून वर उडतात आणि शेजारणींच्या डोक्यावरून मागे जाऊन पडतात. बघायला झकास वाटतं, मित्र शिट्ट्या मारतात, आणि कोपऱ्यात १० नंबरची पिन तशीच उभी. फार हळू गेला तर पहिल्या पिनला लागताच बॉल बाजूला सरकतो आणि ५ नंबरपर्यंत पोचतच नाही. हलका बॉल असेल तर हे जास्तच होतं.

तुमच्या गेम झोनमध्ये पिनांना वरून दोऱ्या बांधलेल्या आहेत का, तेही बघा. आजकाल बऱ्याच ठिकाणी तसली मशीन असतात. दोरीच्या पिना मोकळ्या पिनांसारख्या लोळत नाहीत, आणि कधीकधी दोरीला दोरी अडकून न लागलेली पिनही पडते. अमेरिकेच्या बोलिंग काँग्रेसने २०२३ मध्ये दोरीच्या पिनांच्या खेळाला मान्यता दिली ती वेगळा प्रकार म्हणूनच. तेव्हा तिथे "किती पडल्या" यावरून वेग बरोबर की चूक हे ठरवू नका. बॉल पॉकेटमध्ये, म्हणजे १ आणि ३ च्या मधल्या जागेत, कुठे लागला ते बघा.

वेगाचा खरा परिणाम लेनवर होतो. लेनच्या पुढच्या भागावर, साधारण ४० फुटांपर्यंत, तेल लावलेलं असतं आणि शेवटचा भाग कोरडा असतो. बॉल हातातून सुटतो तेव्हा आधी घसरतो, मग कोरड्या भागाची पकड मिळाली की वळतो आणि शेवटी लोळायला लागतो. बॉलचा परीघ २७ इंच आहे. ताशी २६ किलोमीटरने तो नुसता लोळत जायचा तर मिनिटाला ६३० च्या आसपास फेरे घ्यावे लागतील. आपला हात त्याला देतो दोनशे, अडीचशे, फार तर तीनशे. राहिलेले फेरे लेनशी घासून भरून निघतात आणि ते भरून निघेपर्यंत बॉल घसरत राहतो. वेग ३० केला की ६३० च्या जागी ७३० लागतात, म्हणजे बॉल आणखी लांब घसरणार, उशिरा वळणार आणि पॉकेटच्या उजवीकडे जाणार. २२ वर आणला की ५३५ मध्येच भागतं, तो लवकर वळून डावीकडे जातो. हात तोच, बाण तोच, तरी बॉल दोन ठिकाणी. खेळाडूला वाटतं आपला नेम चुकला, म्हणून तो नेम बदलतो, आणि मग सगळंच बिघडतं.

गेम झोनचे बॉल बहुधा प्लास्टिकचे असतात आणि कमी वळतात, त्यामुळे हा फरक तिथे थोडा झाकला जातो. पुण्यात कोणी स्वतःचा रेझिनचा बॉल हातात दिला तर तो फरक उघडा पडेल. रेझिनचा बॉल कोरड्या भागावर चांगलाच पकडतो. अर्थात लोक वळणाच्या मागे का लागतात याला कारण आहे. पॉकेटमध्ये बॉल साधारण ६ अंशांच्या कोनात शिरला तर स्ट्राइकची शक्यता सगळ्यात जास्त असते. सरळ बॉल अगदी उजव्या कडेवरून टाकला तरी कोन दीड अंशाच्या वर जात नाही. पण वळणाचं आत्ता डोक्यात घेऊ नका. आधी वेग.

तर वेग येतो कुठून? बॉल मागे खांद्याच्या दिशेने चढतो आणि तिथून खाली येतो. सर्वांत खालच्या बिंदूपासून तो ७० सेंटिमीटर उंच चढला असेल, तर नुसता सुटून खाली येताना त्याला ताशी १३ किलोमीटरचा वेग मिळतो. तुम्ही काही केलं नाही तरी मिळतो. बाकीचा वेग पायांच्या चालीतून, शेवटच्या घसरत्या पावलातून आणि अंग खाली बसतं त्यातून येतो. इथे दोन गोष्टी नीट लक्षात घ्या. एक, बॉल जड असला म्हणून तो सावकाश खाली येत नाही. १० पौंडांचा आणि १४ पौंडांचा बॉल सारख्याच उंचीवरून सारख्याच वेगाने येतात, तेव्हा "जड आहे म्हणून ढकलावा लागतो" हे खरं नाही. दोन, उंची निम्मी केली तरी वेग निम्मा होत नाही. ७० च्या जागी ३५ सेंटिमीटर चढवला तर १३ चा साडेनऊ होतो, म्हणजे जेमतेम ४ किलोमीटरचा फरक. तुमच्या २३ आणि ३१ मधला फरक नुसत्या उंचीने येऊच शकत नाही. तो दंडाच्या धक्क्यातून आणि तुटलेल्या चालीतून येतोय.

तालमीत मुद्गल फिरवला असेल तर ही गोष्ट तुमच्या अंगाला आधीच माहीत आहे. नवखा पोरगा मुद्गल मनगटाने ओढतो आणि चार फेऱ्यांत दमतो. मुरलेला पैलवान खांदा सैल सोडतो, वजन आपल्या वाटेने फिरतं आणि तो फक्त त्याच्या मागोमाग राहतो. बॉलचंही तेच.

माझ्याकडे असाच तालमीतला एक पोरगा यायचा. त्याचा हात मी बाजूला उभा राहून बघायचो. बॉल मागे चढेपर्यंत सगळं छान. वर टोकाला पोचला की खांदा कानाकडे सरकायचा, कोपर बाहेर फुटायचं, मनगटाजवळची शीर टरारून यायची. त्या क्षणी बॉल अंगाच्या मागून आडवा यायचा आणि खाली येताना मांडीला चाटू नये म्हणून हात बाहेरून वळसा घ्यायचा. फाउल लाइनवर तो पोचायचा तेव्हा पाय थांबलेले आणि हात अजून मागेच. मग राहिलेलं अंतर तो दंडाने भरून काढायचा. कधी तो धक्का वेळेवर बसायचा, स्क्रीनवर ३० यायचे. कधी धक्का आधीच संपायचा, मग २३. त्याच्या मते जोर दोन्ही वेळा सारखाच, आणि तो खोटं बोलत नव्हता. जोर किती लावला हे माणसाला आतून कळत नाही. बॉल किती उंच धरला आणि पावलं कशी पडली, हे मात्र डोळ्यांना दिसतं. म्हणून जे दिसतं त्यावरच वेग बांधायचा.

हात सैल आहे की नाही हे तपासायला एक सोपी रीत आहे. फाउल लाइनपासून लांब, मोकळ्या जागेत सरळ उभे राहा, बॉल हातात घेऊन हात खाली लोंबकळू द्या. मित्राने बॉलला खालून आधार देऊन तो हळूहळू मागे उंच न्यायचा आणि तुम्हाला न सांगता सोडायचा. मित्राने सोडल्यावर समोर उभं राहू नये, हे वेगळं सांगायला नको. बॉल आपसूक खाली येऊन पुढे गेला तर हात सैल आहे. मधेच अडखळला किंवा तुम्ही तो पुढे ओढलात, तर खांदा अजून धरलेला आहे. पहिल्या दिवशी जवळजवळ सगळ्यांचा अडखळतो.

खांदा धरला जाण्याचं निम्मं कारण बॉलच्या भोकांत असतं, आणि याकडे गेम झोनमध्ये कोणीच बघत नाही. अंगठ्याचं भोक मोठं असेल तर बॉल सटकेल या भीतीने माणूस मुठीत आवळतो. मूठ आवळली की मनगट, मनगटावरून कोपर, कोपरावरून खांदा, सगळं ताठ. मग सुटताना अंगठा कधी लवकर निघतो, कधी उशिरा, आणि वेग बदलतो. बॉल रंगावरून निवडू नका. अंगठा मुळापर्यंत आत गेला पाहिजे, आत फिरवला तर कडेला हलका स्पर्श व्हावा पण अडकू नये. मग मधली दोन बोटं भोकांवर पसरून ठेवा. बोटाच्या दुसऱ्या पेराची रेघ भोकाच्या जवळच्या कडेच्या किंचित पलीकडे आली तर अंतर बरोबर. वजनाचं म्हणाल तर स्वतःच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास घ्या असं सांगतात. नियमाप्रमाणे बॉल १६ पौंडांच्या, म्हणजे सव्वासात किलोच्या वर नसतोच. तुम्ही पैलवान असलात तरी १६ ला हात घालू नका. १२ किंवा १३ वर हात सैल राहत असेल तर तोच तुमचा बॉल. बसलेला बॉल सापडला की त्याच्यावरचा नंबर आणि रंग मोबाईलमध्ये लिहून ठेवा आणि दर वेळी तोच शोधा.

आता पाय. वेगातला मोठा वाटा पायांचा आहे, म्हणून इथे थोडं थांबतो. तुम्ही किती पावलं टाकता हे लिहिलेलं नाही. बहुतेक नवखे धावत येतात आणि पावलांची संख्या दर वेळी वेगळी असते. चार पावलांवर या. फाउल लाइनला पाठ करून उभे राहा, पिनांकडे पाठ, आणि नेहमीच्या चालीने साडेचार पावलं चालून वळा. ती तुमची जागा. अ‍ॅप्रोचवर (फाउल लाइनच्या अलीकडच्या चालायच्या जागेवर) जे ठिपके असतात त्यांच्याशी ती जागा जुळवून ठेवा. उजव्या हाताचे असाल तर पहिलं पाऊल उजवं, आणि त्याच्याबरोबरच बॉल पुढे द्यायचा. दुसरं डावं, तेव्हा बॉल पायाजवळून खाली जातो. तिसरं उजवं, तेव्हा बॉल मागे सर्वांत वर. चौथं डावं, ते टाकायचं नसतं, घसरवायचं असतं, आणि त्या घसरण्यातच बॉल सुटतो. पहिलं पाऊल आणि बॉल पुढे देणं एकत्र झालं नाही तर पुढची तिन्ही पावलं चुकीच्या वेळी पडतात. मग शेवटी हात मागे राहतो आणि दंड मदतीला धावतो. वेगाचा निकाल पहिल्या पावलावरच लागतो, असं मी पोरांना सांगतो, आणि ते मला अगदी मनापासून वाटतं.

चालीचा ठेका असा ठेवा: पहिली दोन पावलं शांत, तिसरं त्याहून जरा लांब आणि दमदार, आणि त्याला लागूनच चौथं. मनात "एक… दोन… तीन-चार" असं म्हणत चाला. बहुतेकजण उलट करतात. सुरुवातीला घाई, आणि फाउल लाइन जवळ आली की पाय आखडतात. पाय आखडले की मिळवलेला वेग तिथेच मरतो.

म्हणून वेग वाढवायचा असेल तर दंडाला हात लावू नका. बॉल उभं असताना जिथे धरता, त्याच्या चार बोटं वर धरा. छातीशी धरला की तो पुढे जाताना जास्त खाली पडतो आणि मागे जास्त वर चढतो. बेंबीशी धरला की मध्यम, कमरेशी धरला की सगळ्यात कमी. माझ्या पाहण्यात या तीन जागांमध्ये मिळून दोन-तीन किलोमीटरचा फरक सहज पडतो, आणि तो रोज तेवढाच पडतो, हे त्याचं मोल. एवढ्याने भागलं नाही तर चाल किंचित जलद करा. ठेका तोच ठेवून सगळीच पावलं थोडी उचला आणि पावलं लांबणार असतील तर उभं राहायची जागा दोन-चार बोटं मागे घ्या.

कमी करायचा असेल तेव्हा हेच उलट्या दिशेने करायचं, आणि तुमचा बॉल गटरमध्ये का जातो ते इथे कळतं. तुम्ही बॉल नेहमीच्या उंचीवरून सोडता आणि खाली येताना हाताने ब्रेक मारता. ब्रेक मारला की खांदा खाली पडतो, अंग पुढे निघून जातं, मनगट वळतं आणि बॉल आडवा सुटतो. खाली येणाऱ्या बॉलला कधीही अडवायचं नाही. कमी वेग हवा असेल तर तो सुरू व्हायच्या आधीच कमी करा: बॉल खाली धरा, पहिली दोन पावलं आणखी सावकाश टाका. शेवटची दोन मात्र मरू देऊ नका. हळू टाकलेल्या बॉललाही घसरतं पाऊल पूर्ण हवं.

सरावाचं सांगतो. पहिले काही दिवस गुण बघूच नका, फक्त वेग बघा. बॉल बेंबीशी धरून, कुठलाही जोर न लावता टाका आणि जो आकडा येईल तो येऊ दे. २३ आला तर २३. लाज वाटून घेऊ नका, मागे बसलेले मित्र "अरे हाण की!" म्हणून ओरडणारच. सहा-सात बॉल सलग त्या आकड्याच्या एकाच्या आत पडायला लागले की तो तुमचा मूळ वेग. मग खेळ असा करा: टाकायच्या आधी आकडा मोठ्याने सांगायचा, "पंचवीस", "सत्तावीस", "तेवीस", आणि स्क्रीनशी ताडून बघायचा. सांगितलेला आणि आलेला आकडा दोन्ही वहीत लिहा. बदल फक्त उंचीने किंवा चालीने करायचा, आणि एका वेळी दोन्हींतला एकच. बॉल सोडल्यावर तो पिनांना लागेपर्यंत एका पायावर स्थिर उभं राहायचं. तोल गेला, हात आडवा गेला, की समजा दंड मधे आला.

कानही वापरा. बॉल फाउल लाइनच्या फूटभर पुढे अलगद टेकला तर आवाज जवळजवळ येत नाही. "धप्प" असा आवाज आला म्हणजे तो उंचावरून पडला, अंगठा उशिरा निघाला किंवा गुडघा वाकलाच नाही. आणि बघायचं ते पिनांकडे नाही, लेनवरच्या बाणांकडे. बाण १२ ते १६ फुटांच्या टप्प्यात असतात. नजर ६० फुटांवर गेली की माणसाला नकळत जोर काढावासा वाटतो.

चांगल्या खेळाडूंकडे बघून शिकायचं असेल तर अमेरिकेच्या अर्ल अँथनीचे जुने व्हिडिओ बघा. डावखुरा, चेहऱ्यावर ताण नाही, प्रत्येक बॉल आधीच्यासारखाच. १९७५ मध्ये एका मोसमात १ लाख डॉलर कमावणारा तो पहिला बोलर. नॉर्म ड्यूक अंगाने लहानखुरा, पण नुसत्या ताळमेळावर जगातल्या दांडग्या खेळाडूंशी वर्षानुवर्षं झुंजला. याउलट फिनलंडचा ओस्कू पालेर्मा किंवा ऑस्ट्रेलियाचा जेसन बेलमोंटे दोन्ही हातांनी टाकतात. ते बघून लगेच दोन हात लावू नका. त्यांच्या वेगामागे आणि फिरकीमागे लहानपणापासूनची पायांची घडण आहे. आपल्या जिल्ह्यातून तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे यांच्यासारखे नेमबाज आले, तीच कृती हजारदा तशीच करायची, हाच त्यांचा अभ्यास. बोलिंगला कुस्तीपेक्षा नेमबाजीचा स्वभाव जास्त लागतो.

दोन-तीन गोष्टी खेळताना आड येतात. तिसऱ्या गेमपर्यंत पाय दमतात आणि वेग एक-दोन किलोमीटरने उतरतो. त्याच सुमाराला लेनवरचं तेलही बॉलांनी पुसलं जातं, म्हणून बॉल जास्त वळतो. दोन्ही कारणं बॉलला एकाच बाजूला, डावीकडे नेतात. तेव्हा "लेन बदलली" म्हणण्याआधी स्क्रीनवरचा वेग बघा. वेग उतरला असेल तर दोष पायांचा आहे, चाल जागी आणा. वेग तोच असून बॉल डावीकडे जात असेल तर लेन बदलली, तेव्हा उभं राहायची जागा थोडी डावीकडे घ्या. पावसाळ्यात तर आपल्याकडे जूनपासून सगळंच दमट. बोलिंगचे बूट घालून बाहेर किंवा बाथरूमला जाऊ नका. तळव्याला ओल लागली की घसरतं पाऊल जागेवर चिकटतं. वेग तर जातोच, पण गुडघा आणि तोंड फुटायची वेळ येते. हाताला घाम येत असेल तर खिशात छोटा टॉवेल ठेवा आणि प्रत्येक बॉलआधी तळहात आणि बॉल दोन्ही पुसा.

स्पेअरला, म्हणजे उरलेल्या पिना दुसऱ्या बॉलने पाडताना, विशेषतः १० नंबरच्या पिनला, बरेचजण चिडून जोरात हाणतात. ती पिन पावणेपाच इंच रुंद, बॉल साडेआठ इंच, म्हणजे दोन्ही बाजूंनी मिळून जागा भरपूर आहे, मात्र उजवीकडे गटर चिकटून आहे. वेग वाढवायचाच असेल तर एक पायरी, बॉल थोडा वर धरून. सरळ जायला हवा असेल तर मनगट न वळवता तळहात पिनकडे ठेवून सोडा.

पुण्याचं शेवटी. तिथली लेन वेगळी असेल, तेल वेगळं, कदाचित पिना मोकळ्या असतील. सरावाला जी काही मिनिटं देतील त्यात पहिले तीन-चार बॉल आपल्या मूळ वेगाने, आपल्या नेहमीच्या बाणावरून टाका आणि बॉल पॉकेटच्या कुठल्या बाजूला जातो एवढंच बघा. उजवीकडे गेला तर उभं राहायची जागा उजवीकडे सरकवा, डावीकडे गेला तर डावीकडे. बाण तोच ठेवा. एका वेळी दोन-तीन बोर्ड, म्हणजे लेनच्या अरुंद उभ्या पट्ट्या, पुरेत. लेनच्या रुंदीत ३९ बोर्ड असतात आणि एकेक बोर्ड पावणेतीन सेंटिमीटरच्या आसपास असतो. जागा बदलूनही जमलं नाही तर बॉल बदला. वेगाला हात घालायचा तो सगळ्यांत शेवटी, आणि तेव्हाही फक्त बॉल धरायची उंची बदलून. टीममधल्या कोणाला तरी तुमच्या प्रत्येक बॉलचा वेग कागदावर लिहायला बसवा. दोन आकड्यांत दोनपेक्षा जास्त फरक दिसला की त्याने काही न बोलता फक्त कागद दाखवायचा, आणि तुम्ही पुढचा बॉल उचलण्याआधी खांदा एकदा मोकळा सोडायचा.